बसलेल्याला दोन हजार

३ जानेवारी

प्रिय मामा,

पार्सल पोचलं. खोक्याच्या चारही बाजूंना 'नाजूक' असे छापील कागद चिकटवलेले बघून पोस्टमनने ते माझ्या हातात असं ठेवलं, जणू नुकतं जन्मलेलं बाळच देतोय. उघडलं आणि आतून कॅमेरा निघाला. मी दहा मिनिटं नुसती बघत बसले. हा तोच ना, ज्याचा पट्टा एकदा गळ्यात अडकवायला मिळावा म्हणून मी तुझ्या सलूनमधले केस झाडायला तयार होते? तेव्हा केस झाडून घेतलेस आणि कॅमेरा दिला नाहीस. आता न मागता घरपोच. आई म्हणते, "त्याला एक तर वैराग्य आलंय, नाही तर या वयात लग्न ठरलंय." खरं काय ते लवकर कळव, ती दोन्हीची काळजी करत बसली आहे.

सोबत टाइप केलेली चिठ्ठी काय, तर 'एक नंबर: बसलेला. दोन नंबर: उडता. बाकी डोकं लाव.' डोकं लावून पाहिलं, उपयोग झाला नाही.

आमच्या लॅबमागे पाण्याची टाकी आहे. तिच्यातून एक गंजका पाईप बाहेर येतो आणि त्या पाईपवर रोज सकाळी एक खंड्या येऊन बसतो. निळाशार, चोच शरीराच्या मानाने उगाच मोठी, म्हणजे आपल्या घराण्यातलाच. मला तो हवाय. कारण असं की रक्त द्यायला बसणाऱ्या माणसासमोर आमच्या भिंतीवर आतड्यांचा तक्ता आहे. सुईकडे बघवत नाही म्हणून लोक समोर बघतात आणि तिकडे आतडी. गेल्या महिन्यात दोघं चक्कर येऊन पडले, आणि सुई अजून माझ्या हातातच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिथे काहीतरी बरं लाव." मी म्हटलं, "पक्षी लावते." आता शब्द दिलाय.

काल चाळीस फोटो काढले. एकोणीस पाईपचे, वीस धुरकट निळ्या डागाचे आणि एक माझ्या अंगठ्याचा. अंगठा छान आलाय.

तुझी,
सुईबाई


११ जानेवारी

सुईबाईस,

वैराग्य नाही, लग्न नाही. मान दुखते आणि कंटाळा आला. ताईला सांग, दोन्ही खरं आहे.

(दोन्ही सांगितलं तसं टाइप केलं आहे. मी सलूनच्या वरच्या मजल्यावरची टायपिंगवाली. पत्र मी का टाइप करते ते मला विचारू नये, असं मला सांगण्यात आलंय.)

आता नीट ऐक. शटर म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा राहतो ते. तीनशे लावलंस तर सेकंदाचा तीनशेवा भाग, दोन हजार लावलंस तर दोन हजारावा. बसलेला पक्षी म्हणजे खुर्चीत डुलकी लागलेलं म्हातारं गिऱ्हाईक. सावकाश काम केलं तरी चालतं. उडता पक्षी म्हणजे पहिल्यांदा केस कापायला आणलेलं दीड वर्षाचं पोर. तिथे डोळा उघडला न उघडला तोच मिटायला हवा, नाहीतर पंखांचा लगदा होतो. डोळा इतक्या लवकर मिटला की उजेड कमी पडतो. तो भरून काढायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढतो आणि आयएसओ वाढला की चित्रात दाणे येतात, रव्यासारखे. फुकट काही मिळत नाही.

बसलेल्याचा फोकस एका ठिपक्यात धरायचा आणि तो ठिपका पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा. डोळा स्पष्ट आला की बाकीचं शरीर लोक माफ करतात. उडत्याला ठिपका पुरत नाही. तिथे फोकस त्याच्यामागे धावत राहील असा ठेवलाय. बटण अर्धं दाबून पक्ष्याबरोबर कंबरेतून वळायचं, नुसत्या हातांनी नाही. मग एका दमात आठ-दहा फोटो, त्यातला एक आपला. हे सगळं दोन नंबरवर भरून ठेवलंय, चक्री फिरवली की झालं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. कॅमेरा गळ्यात अडकवलास की चक्री दोनवर ठेव आणि विसरून जा. बसलेला पक्षी दोनवर येतो, थोडा रवाळ येतो पण येतो. उडता मात्र एकवर कधीच येत नाही. आणि बसलेला कधी उडेल हे तो तुला विचारून ठरवत नाही.

सलून ठीक आहे. दाढी करणं बंद केलं, फक्त केस कापतो. हल्ली सगळ्यांना दाढी वाढवायची असते, मी कशाला आड येऊ.

मामा

(पाटी मीच छापून दिली. 'दाढी बंद.' एवढंच. कारण लिहू का विचारलं तर म्हणाले, पाटीला कारण नसतं.)


२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी टायपिंगवाल्या काकूंना नमस्कार. कंसातला मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिला तुझ्या मजकुरापेक्षा तोच आवडला.

प्रगती सांगते. खंड्या आता पाईपवर नीट येतो, डोळ्यासकट. पण एक नंबरवर काढला तरी रव्याचा शिरा झाल्यासारखा दाणेदार. मला वाटलं माझंच चुकतंय. म्हणून रविवारी तलावावर गेले. तिथे चार कॅमेरेवाले जमतात. त्यातले एक टोपीवाले गृहस्थ आहेत, निवृत्त इंजिनियर, त्यांची लेन्स माझ्या दंडापेक्षा लांब. त्यांनी तुझा कॅमेरा हातात घेतला, चक्री एकवर केली, मग दोनवर, मग परत एकवर, आणि चष्मा पुसला.

मामा, तुझ्या एक नंबरवर शटर दोन हजार आहे. दोन नंबरवर अडीच हजार. बसलेल्यासाठी तीनशे पुरतं असं तूच लिहिलंयस. टोपीवाले म्हणाले, "बसलेल्या पक्ष्याला दोन हजार? तुझे मामा भूकंपात फोटो काढायचे की काय?" चौघं हसले. मीही हसले, इतकी की चहा सांडला. मी म्हटलं, मामा सलूनवाले आहेत, समोरचा मान हलवणारच हे गृहीत धरून चालतात.

तर कबूल कर. भरताना चुकलास ना? चाळीस वर्षं लोकांची डोकी सरळ करतोस आणि स्वतःचा कॅमेरा वाकडा. बरं वाटलं. घराण्यात मी एकटीच धांदरट आहे असं आई म्हणते, तो समज तरी दूर झाला.

तुझी,
सुईबाई


१४ फेब्रुवारी

भाचीस,

चुकलेलं नाही. मुद्दाम ठेवलं होतं.

एक नंबरचं शटर चारशेवर आण, तुझ्या हाताला तेवढं पुरेल. टोपीवाल्यांना माझा नमस्कार सांगू नकोस.

कॅमेऱ्याच्या दुसऱ्या खाचेत माझं जुनं कार्ड राहिलंय, ते न बघता पुसून टाक.

मामा

(पत्र लहान आहे. सांगितलं होतं मोठं. पाच वाक्यं ठेवली, बाकीची परत घेतली. ते दोनदा उठून जिन्यापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. मी कागद सरळ करून घेतला, कारण मला फक्त टाइप करायला बसवलंय.)


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

'न बघता पुसून टाक' असं ज्या माणसाने माझ्या आईबरोबर बालपण काढलं त्याने मला लिहावं, याचं आश्चर्य वाटलं. आमच्यात न बघता काही पुसलं जात नाही. मी बघितलं.

सहाशे बारा फोटो. सगळे एकाच राखी बगळ्याचे. तुझ्या सलूनसमोरच्या कालव्याच्या कठड्यावर जो बसतो तो. मला आधी वाटलं, माणूस प्रेमात पडलाय. मग मी प्रत्येक फोटोखालची माहिती उघडली. तुला माहीतच आहे, कॅमेरा सगळं लिहून ठेवतो, तारीख, शटर, आयएसओ.

मी रोज लोकांचे रिपोर्ट लावते, मामा. महिन्यामहिन्याचे आकडे एकाखाली एक मांडायची हाताला सवय आहे. मागच्या वर्षीच्या जानेवारीत तू बगळा तीनशेवर काढलास, पीस न् पीस मोजून घ्यावं असा. मार्चमध्ये तीनशेवरच अस्पष्ट, म्हणून पाचशे. जूनमध्ये आठशे. पावसाळा संपेपर्यंत साडेबाराशे. डिसेंबरात दोन हजार, आणि त्यातलेही निम्मे हललेले. बगळा तोच आणि कठडा तोच. बगळा तासन् तास हलत नाही, म्हणूनच तर त्याचा फोटो कोणालाही काढता येतो. हलत होतं ते दुसरंच.

शेवटचे नऊ फोटो कठड्याचे, पाण्याचे आणि तुझ्या चपलांचे आहेत. त्यानंतर पार्सल.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. खोक्यावरचे छापील कागद. टाइप केलेली पत्रं, आणि तुझं अक्षर तर शाळेत नमुना म्हणून फिरवायचे. 'दाढी बंद.' वस्तरा कोणी हौसेने खाली ठेवत नाही.

मी तलावावर त्या चौघांबरोबर हसले. भूकंपाच्या विनोदावर मीच सगळ्यात जास्त हसले. त्याची मला लाज वाटते आणि गेले चार दिवस ती जात नाही.

आता विचारते ते सरळ सांग. कधीपासून? उजवा की दोन्ही? डॉक्टरकडे गेलास का? उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी आईला सांगेन. ती काय करेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुझी,
भाची


१ मार्च

चिरंजीव सुईबाईस,

हे पत्र माझं आहे, त्यामुळे कंस नाहीत. तुमचं पत्र वाचून त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि सलूनला कुलूप लावलं. तीन दिवस बंद आहे. कालव्यावर बसतात. बगळा आणि ते, दोघांत जास्त कोण हलतो ते आता मला सांगता येतं, पण सांगणार नाही.

मला वर्षभर माहीत आहे. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. ते रोज चारला वर चहाला येतात. पहिल्यांदा बशीत सांडला तेव्हा म्हणाले, कपच वाकडा आहे. दुसऱ्या दिवसापासून मी दोघांनाही अर्धा अर्धा कप देते, म्हणजे एकालाच कमी दिल्यासारखं दिसत नाही. मला खरं तर कप भरून लागतो. ते खाली गेले की मी उरलेला पिते.

दाढी बंद व्हायचं कारण तुम्हाला कळायला हवं. नोव्हेंबरात त्यांचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक खुर्चीत होतं, शाळेचे हेडमास्तर. कानाखाली वस्तरा लागला. फार नाही, पण रक्त आलं. हेडमास्तर म्हणाले, "काही झालं नाही हो, मीच हललो." ते हलले नव्हते, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. ते खोटं तुमच्या मामांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पाटी छापून घेतली.

डॉक्टरकडे गेलेले नाहीत. मी सांगून सांगून थकले. आजाराला ते भीत नाहीत, आजाराच्या नावाला भितात. शिवाय ताई येऊन राहतील याला भितात. एकदा म्हणाले, माझे हात गेले तर मागे काय उरलं? मी म्हटलं, तोंड उरलंय आणि ते दोन्ही हातांपेक्षा जास्त चालतं. त्यावर दोन दिवस चहाला आले नाहीत.

आईंना लगेच सांगू नका. पण त्यांना सोडूही नका. मी जिना उतरून त्यांच्या मागे लागले तर लोक वेगळंच बोलतील. तुम्ही भाची आहात, तुम्हाला मुभा आहे.

आपली,
वरच्या मजल्यावरची


९ मार्च

प्रिय मामा,

आईला सांगितलेलं नाही. आठ दिवसांवर दुसरे आठ दिवस झाले, म्हणजे मी किती सज्जन आहे ते लक्षात घे.

वेगळी बातमी. फोटो मिळाला. तू म्हणालास तसं चक्री दोनवर ठेवली आणि विसरून गेले. रजा टाकली, टाकीमागे पत्र्याच्या पिंपावर सव्वातीन तास बसले. मुंग्या आल्या, त्याही दोन प्रकारच्या. खंड्या पाईपवर येऊन असा बसला की आता याला इथेच निवृत्त व्हायचंय. मला फार मोह झाला की चक्री एकवर करावी आणि बिनदाण्याचा गुळगुळीत फोटो घ्यावा. हात चक्रीवर गेला. मग तुझं वाक्य आठवलं, की तो विचारून ठरवत नाही. हात मागे घेतला आणि तेवढ्यात तो सुटला. नऊ फोटो. सातव्यात पाय पाईपपासून बोटभर वर, पंख उघडे, डोळा लख्ख.

छापून आलाय, चौकटीत बसवलाय, आणि भिंतीला टेकवून ठेवलाय. आतड्यांचा तक्ता अजून खिळ्यावरच आहे. तू आल्याशिवाय मी तो उतरवणार नाही. मधल्या काळात जो कोणी चक्कर येऊन पडेल त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

शनिवारी ये. उद्घाटनाला प्रमुख पाहुणा तू. येताना रात्रीपासून काही खाऊ नकोस, सकाळी फक्त पाणी पी. का ते विचारू नकोस, पाटीला कारण नसतं.

आणि हे वाचून चिडायच्या आधी एक ऐक. थरथरणारे हात माझ्यापुढे रोज येतात. म्हाताऱ्यांचे येतात, घाबरलेल्यांचे येतात, एकदा एका पैलवानाचा आला होता. मला नस सापडते. तुझीही सापडेल. तू हात घट्ट धरून बसायचं नाही, धरायचं काम माझं. तू फक्त समोर बघ.

तुझी,
सुईबाई


३० मार्च

प्रिय मामा,

पोचल्याचं काकूंनी कळवलं. तू अर्थातच कळवलं नाहीस.

त्या दिवशी मी बोलले नाही, म्हणून आता लिहिते. तू बाही वर केलीस, हात उशीवर ठेवलास आणि तो उशीवर नाचायला लागला तेव्हा तू भिंतीकडे बघून म्हणालास, "पाईप डावीकडे तिरका झालाय, आकाश जळून पांढरं झालंय, आणि हे असलं टांगणार तुम्ही?" डॉक्टरीणबाई बाजूलाच उभ्या होत्या, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तुझे दोष मोजून होईपर्यंत माझ्या तिन्ही नळ्या भरल्या होत्या. तुला कळलंसुद्धा नाही. अकरा वर्षांत मी हजारो लोकांचं रक्त काढलं, पण सुई बाहेर काढल्यावर स्वतः खुर्चीत बसायची वेळ पहिल्यांदा आली. तेव्हा तू मला पाणी आणून दिलंस. अर्धा ग्लास. आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मी तोंड धुवायला गेले ते त्यासाठी.

रिपोर्ट बघून मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते तुझ्यासमोरच सांगितलं, तरी परत लिहिते, कारण तू ऐकताना खिडकीतून घार बघत होतास. रक्त चांगलं आहे. हाताचा कंप आहे, पूर्ण जाणार नाही. गोळ्यांनी कमी होईल, किती ते तीन महिन्यांनी कळेल. वस्तरा बंदच. कात्रीचं तुझं तू ठरव. गोळी सकाळी आणि रात्री, न विसरता.

आईला तूच सांगितलंस हे बरं केलंस. तिने सामान बांधलंय. मी अडवायचा प्रयत्न केला नाही, मला माझा जीव प्यारा आहे. ती पंधरा दिवस राहील म्हणते. त्याचा अर्थ तुला माहीत आहे.

फोटो खिळ्यावर आहे. तिरका पाईप सगळ्यांना दिसतो, कारण तू जाता जाता रांगेतल्या प्रत्येकाला दाखवून गेलास. आता लोक रक्त देताना पाईप किती तिरका आहे यावर वाद घालतात. तेव्हापासून एकही जण पडला नाही.

कॅमेरा परत पाठवू का? खरं विचारते आहे.

तुझी,
सुईबाई


६ एप्रिल

सुईबाई,

हे मी स्वतः लिहितोय, वरच्या मजल्यावर बसून. टायपिंगवालीला खाली ताईजवळ बसवलंय. दोघी मिळून माझ्याबद्दल बोलतायत, आवाज वर येतोय. चहा आता तिघांनाही अर्धा अर्धा मिळतो. ताई विचारते, या घरात दुधाचा दुष्काळ आहे का.

कॅमेरा पाठवू नकोस. बगळ्याला मी आता नुसतं बघतो. कॅमेऱ्याशिवाय बघितलं की तोही हलतो, हे मला वर्षभर फोटो काढून कळलं नव्हतं. मान वळवतो, पीस साफ करतो.

हेडमास्तर परवा आले होते. केस कापून घेतले. तासभर लागला. ते अजिबात हलले नाहीत.

एवढं लिहायला दुपार गेली. अक्षर बघू नकोस. वाचता आलं नाही तर दोन नंबर लाव.

मामा